रडारच्या पोटी जन्मलेली चूल

२१ फेब्रुवारी १९४०. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी एका तांब्याच्या ठोकळ्याला वीज जोडली. ठोकळा त्यांनी स्वतःच घडवला होता. मधोमध एक भोक, त्याभोवती सहा भोकं, आणि मधल्या भोकाला जोडणाऱ्या सहा अरुंद खाचा. हवा आत शिरू नये म्हणून टोकं लाखेने बंद केलेली. आतली हवा काढण्यासाठी पंप सतत चालू, बाहेर एक जडशीळ विद्युतचुंबक. ठोकळ्यातून काही बाहेर पडतंय का, हे बघायला त्यांनी तारेला एक छोटा दिवा लावला. दिवा जळून गेला. मोठा लावला, तोही गेला. मग मोटारीचे दिवे आणले, त्यांचीही तीच गत. काही दिवसांनी मोजमाप झालं तेव्हा कळलं, की लहरींची लांबी आहे ९.८ सेंटिमीटर आणि शक्ती सुमारे ४०० वॅट. एवढ्या आखूड लहरींच्या बाबतीत तेव्हा हा आकडा अविश्वसनीय होता.

आज आपण कालची भाजी ज्यात गरम करतो त्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पोटात हाच ठोकळा आहे. आकार सुटसुटीत झाला, चुंबक हलका झाला, पण तत्त्व तेच. या यंत्राचा इतिहास मात्र सांगितला जातो तो एका अमेरिकन इंजिनिअरच्या खिशात वितळलेल्या चॉकलेटपासून. ती कथा खोटी नाही, पण ती फार सोपी आहे. खरा प्रश्न होता तो आखूड लहरींत पुरेशी ऊर्जा ओतण्याचा.

लहरी नव्या नव्हत्या. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास २.५ सेंटिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या होत्या. जाहीर प्रयोगात त्यांनी या लहरी बंद भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. प्रेक्षक थक्क झाले, पण दारू उडाली ती लहरींच्या उष्णतेने नव्हे. लहर फक्त पलीकडच्या ग्राहक यंत्राला इशारा देत होती आणि काम करत होती तिथली बॅटरी. बोसांच्या लहरींनी चमचाभर पाणीही कोमट झालं नसतं. पुढची चाळीसएक वर्षं ही अडचण तशीच राहिली. १९२० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या आल्बर्ट हल यांनी चुंबकाने इलेक्ट्रॉन वळवणारी मॅग्नेट्रॉन नळी बनवली, पण आखूड लहरींत तिचा जोर तोकडाच पडायचा.

युद्धाने घाई लावली. ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभर मीटरहून उंच मनोरे उभारून शत्रूची विमानं हेरणारी ‘चेन होम’ यंत्रणा चालू होती. तिच्या लहरी कित्येक मीटर लांबीच्या. असलं रडार विमानात कसं बसवणार? लहर आखूड, तर अँटेना लहान. दहा सेंटिमीटरची लहर मिळाली तर अँटेना विमानाच्या नाकात मावेल. विभागप्रमुख मार्क ओलिफंट यांनी नौदलाकडून हे काम घेतलं होतं. विभागातली मुख्य मंडळी क्लायस्ट्रॉन नावाच्या दुसऱ्या नळीवर खपत होती. रँडल आणि बूट कडेला पडले होते, आणि कडेला पडलेल्यांना असते तेवढी मोकळीक त्यांना होती. आदल्या उन्हाळ्यात सुट्टीवर असताना रँडलला जुन्या पुस्तकांच्या दुकानात हाइनरिख हर्ट्झच्या ग्रंथाचा अनुवाद सापडला होता. हर्ट्झची, एका जागी फट असलेली तारेची साधी कडी त्यात होती. ती कडी उंचीला ताणली तर खाच असलेलं नळकांडं होतं, हे रँडलच्या लक्षात आलं.

त्यातली युक्ती अशी. मधल्या भोकात एक तापलेला कॅथोड असतो. त्याच्यावरून सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्याकडे धाव घेतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना सरळ जाऊ देत नाही, गोल गोल वळवतं. वळताना ते खाचांसमोरून सरकतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की बाटली शीळ घालते, तशी त्यांच्या ओघाने ती भोकं ‘वाजू’ लागतात, फक्त आवाजाऐवजी विद्युतचुंबकीय लहरी निघतात. शिळेचा स्वर बाटलीच्या मापावर ठरतो, लहरीची लांबी भोकाच्या मापावर. इलेक्ट्रॉन आपली गती हळूहळू लहरीच्या हवाली करतात आणि थकून तांब्यावर आदळतात. विजेतून लहर होण्याचा सगळा व्यवहार इथे, एवढ्याशा जागेत उरकतो.

हे फक्त याच दोघांना सुचलं, असं मात्र नाही. जर्मनीत हान्स हॉलमान यांनी अनेक पोकळ्यांच्या मॅग्नेट्रॉनचं पेटंट आधीच घेतलं होतं, सोव्हिएत संघात अलेक्सेयेव्ह आणि माल्यारोव्ह यांनी तसली नळी चालवली होती, आणि जपानमध्ये शिगेरू नाकाजिमा १९३९ मध्ये जवळपास त्याच ठिकाणी पोचले होते. बर्मिंगहॅमचं वेगळेपण एवढंच, की तिथला ठोकळा लगेच वेम्बलीच्या जीईसी कंपनीत एरिक मेगॉ यांच्या हाती गेला. त्यांनी पंप काढून टाकला, कॅथोड सुधारला, चुंबक आटोक्यात आणला आणि प्रयोगशाळेतल्या वस्तूचं विमानात बसणारं यंत्र केलं.

ऑगस्ट संपता संपता मेगॉंच्या बारा क्रमांकाच्या नमुन्याने प्रवास सुरू केला. ब्रिटनकडे कल्पना होत्या, कारखान्यांची वानवा होती आणि वरून बॉम्ब पडायला लागले होते. सर हेन्री टिझर्ड यांनी ठरवलं, की गुपितं अमेरिकेला देऊन टाकायची, बदल्यात कसली अट घालायची नाही. ती नेण्याचं काम एडवर्ड बोवेन या एकोणतीस वर्षांच्या वेल्श शास्त्रज्ञाकडे आलं. काळ्या पत्र्याची पेटी लंडनच्या हॉटेलातल्या तिजोरीत मावेना, म्हणून बोवेनने ती रात्रभर पलंगाखाली ठेवली. सकाळी टॅक्सीवाला ती आत घेईना, म्हणून टपावर गेली. युस्टन स्थानकावर हमालाने ती खांद्यावर टाकली आणि गर्दीतून असा सुटला, की साम्राज्याचं सर्वांत मोठं गुपित डोळ्यांदेखत हरवतं की काय अशी वेळ आली. लिव्हरपूलहून ‘डचेस ऑफ रिचमंड’ जहाजाने पेटी निघाली. जहाज बुडालंच तर पेटीही बुडावी म्हणून तिला भोकं पाडली होती.

१९ सप्टेंबर १९४० च्या रात्री वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात तो तांब्याचा ठोकळा अमेरिकन शास्त्रज्ञांपुढे ठेवला गेला. त्यांच्याकडच्या नळ्या दहा सेंटिमीटरला जेमतेम काही वॅट देत होत्या, हा किलोवॅटच्या भाषेत बोलत होता. बेल प्रयोगशाळेत त्याची नक्कल करायची म्हणून क्ष-किरण छायाचित्र घेतलं तेव्हा नवाच घोळ निघाला. आराखड्यात सहा भोकं, छायाचित्रात आठ. समुद्रापार फोन झाले. मेगॉंनी खुलासा केला, की शेवटच्या काही नमुन्यांत त्यांनी वेगवेगळ्या संख्या करून पाहिल्या होत्या आणि बोवेनच्या पेटीत नेमका आठ भोकांचा गेला. अमेरिकेने आठवरच शिक्का मारला.

युद्धात या नळीने काय केलं, हा स्वतंत्र लेखाचा विषय. अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांना १९४३ पासून रात्री पृष्ठभागावर येणं महाग पडू लागलं, एवढं सांगून पुढे जाऊ. कारण आपली चूल दुसऱ्या बाजूला, कारखान्यात शिजत होती.

अडचण उत्पादनाची होती. भरीव तांब्याचा ठोकळा अचूक कोरायला कसलेला कारागीर लागे आणि तोही दिवसचे दिवस खपे. मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन या तेव्हाच्या लहानशा कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा गृहस्थ होता. मेन राज्यातल्या हाउलंड गावचा, जन्म १८९४ चा. दीड वर्षाचा असताना वडील गेले, बाराव्या वर्षी गिरणीत लागला, शाळा अर्धवट सुटली. नौदलात रात्रपाळीच्या पहाऱ्यावर असताना पुस्तकं वाचून तो बिनतारी शिकला. स्पेन्सरने ठोकळा कोरण्याचा नादच सोडला. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून तो भोकांचा आकार ठशाने कापायचा, मधे चांदीच्या डाखाचे पत्रे घालायचे, त्यांची थप्पी लावायची आणि भट्टीतून सरकवायची. बाहेर येतो तो एकसंध ठोकळा. नवशिके कामगारही हे करू शकत. युद्ध संपेपर्यंत रेथिऑनचं उत्पादन दिवसाला २६०० मॅग्नेट्रॉनपर्यंत गेलं. माझ्या मते ओव्हनच्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच. नळी स्वस्त झाली नसती तर चॉकलेट कितीही वेळा वितळलं असतं तरी उपयोग शून्य.

आता ते चॉकलेट. १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना स्पेन्सरच्या खिशातली शेंगदाण्याची चॉकलेट वडी मऊ झाली, असं सांगतात. मग त्याने मक्याचे दाणे मागवले, ते फुटले. मग अंडं आणलं, तेही फुटलं, आणि ते म्हणे वाकून बघणाऱ्या एकाच्या तोंडावर. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. लहरींनी पदार्थ तापतात, हे मात्र तोवर गुपित राहिलेलं नव्हतं. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने १० किलोवॅटच्या रेडिओ प्रक्षेपकाला दोन धातूच्या पट्ट्या जोडून त्यांच्यामध्ये मांस आणि बटाटे शिजवून दाखवले होते. रुग्णांचे सांधे शेकायला डॉक्टर डायथर्मी वापरतच होते. स्पेन्सरने वेगळं केलं ते दुसरंच. युद्ध संपताच मागणी आटणार होती आणि कारखान्यात हजारो मॅग्नेट्रॉन बनवायची सोय पडून राहणार होती. तिला नवं गिऱ्हाईक त्याने दाखवलं. ८ ऑक्टोबर १९४५ ला, म्हणजे जपानच्या शरणागतीनंतर दीड महिन्याच्या आत, त्याचा पेटंट अर्ज दाखल झाला. पेटंट मिळालं २४ जानेवारी १९५० ला. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे बक्षिसी मिळाली दोन डॉलर. (रँडल, बूट आणि त्यांचा सहकारी सेयर्स यांना ब्रिटिश सरकारने पुढे ३६,००० पौंड दिले. त्यांचं जरा बरं म्हणायचं.)

पण पदार्थात नेमकं होतं काय? पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. लहरीचं विद्युतक्षेत्र दिशा बदलतं तसा रेणू वळायला बघतो. ओव्हनच्या लहरी सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं करतात. इतक्या घाईत रेणूला ताल सांभाळता येत नाही, तो मागे पडतो, शेजाऱ्यांवर आदळतो, आणि लहरीची ऊर्जा अशा धक्काबुक्कीतून उष्णता होते. मिठाच्या पाण्यात आयनही इकडून तिकडे ओढले जातात आणि भर घालतात. पाण्याची नैसर्गिक कंपनसंख्या हीच, म्हणून ती निवडली, असं पुष्कळदा छापून येतं. ते चूक. पाणी सर्वांत जोरात शोषतं ते याच्या कितीतरी वर, वीस अब्ज आवर्तनांच्या आसपास. तिथे ओव्हन चालवला असता तर वरचाच पापुद्रा सगळी ऊर्जा गिळून बसला असता. २४५० मेगाहर्ट्झ हा आकडा आला तो दळणवळणाला त्रास होऊ नये म्हणून १९४७ मध्ये उद्योगांसाठी मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यांतून. निसर्गापेक्षा त्यात वाटाघाटींचा हात जास्त.

या लहरी पाणीदार पदार्थात एक-दोन सेंटिमीटर शिरून क्षीण होतात. पुढचं काम साध्या उष्णतावहनाचं. म्हणजे ‘मायक्रोवेव्हमध्ये आतून बाहेर शिजतं’ हेही खरं नाही. बर्फात रेणू जखडलेले असतात, त्यामुळे तो फारसा तापत नाही. गोठलेल्या पदार्थात एक कोपरा आधी वितळला की तोच पुढची ऊर्जा ओढून घेतो. परिणामी कडेला चटका आणि मधे गोटा.

१९४७ मध्ये बाजारात आलेला ‘रडारेंज’ माणसाएवढा उंच होता, वजन ३४० किलोच्या घरात, किंमत काही हजार डॉलर, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला नळाचं पाणी जोडावं लागे. जहाजांनी, आगगाड्यांनी आणि मोठ्या उपाहारगृहांनी तो घेतला. स्वयंपाक्यांना तो आवडला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यात हवा थंडच राहते, पदार्थाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होत राहतं तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि खमंगपणा येतो तो दीडशेच्या आसपास. मांस करडं राहायचं, बटाट्याचे तुकडे पांढरे आणि लुळे. रेथिऑनचे प्रमुख चार्ल्स अ‍ॅडम्स यांच्या घरी तो बसवला तेव्हा वैतागून त्यांच्या आचाऱ्याने नोकरी सोडली, अशी हकिगत आहे. आपल्याकडेही हा ओव्हन आला तो पाहुणा म्हणूनच राहिला. भात होतो, ढोकळा होतो, पण फोडणीसाठी गॅसपुढेच उभं राहावं लागतं.

याच काळात लंडनजवळच्या मिल हिल इथे जेम्स लव्हलॉक आणि सहकारी गोठवलेले उंदीर-हॅमस्टर पुन्हा जिवंत करायच्या खटपटीत होते. तापलेल्या चमच्याने छाती शेकताना प्राण्यांची कातडी भाजायची. लव्हलॉकने मॅग्नेट्रॉन मिळवला, धातूच्या पिंजऱ्यात बसवला आणि प्राणी विनाजखम उठू लागले. मग दुपारच्या जेवणाचा बटाटाही त्याने त्याच यंत्रात भाजून पाहिला. त्याच्या डोक्यात धंदा नव्हता, भूक होती.

घरगुती ओव्हनची पहिली खेप १९५५ ची. टॅपन कंपनीने रेथिऑनचा परवाना घेऊन तो १२९५ डॉलरला विकायला काढला. फारसा खपला नाही. कोंडी फोडली जपानी आणि अमेरिकन हातांनी मिळून. न्यू जपान रेडिओ कंपनीत केइशी ओगुरा यांनी आटोपशीर, स्वस्त मॅग्नेट्रॉन घडवला. शार्प कंपनीने १९६६ मध्ये फिरती थाळी बसवली, कारण पेटीत लहरी परतून एकमेकींवर पडतात आणि दर सहाएक सेंटिमीटरवर गरम-थंड पट्टे तयार होतात. थाळी फिरली तर घास घास सारखा तापतो. १९६७ मध्ये रेथिऑनच्या अमाना शाखेने ओट्यावर ठेवता येईल असा, घरच्या साध्या विजेवर चालणारा रडारेंज ४९५ डॉलरला आणला. १९७५ मध्ये अमेरिकेत मायक्रोवेव्हची विक्री गॅसच्या शेगड्यांच्या पुढे गेली. स्पेन्सरने अमानाचं मॉडेल पाहिलं, ही विक्री पाहिली नाही. तो १९७० मध्ये वारला.

भीतीही बरोबरीने आली, आणि ती सगळीच वेडगळ नव्हती. सुरुवातीच्या काही ओव्हनच्या दारांतून खरंच गळती होत होती. १९६८ मध्ये अमेरिकेत किरणोत्सर्जनाचा कायदा झाला आणि १९७१ पासून नियम आला, की नव्या ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती नको, पुढे वापरातही ५ मिलिवॅटच्या वर नको, आणि दार उघडताच यंत्र बंद पाडणाऱ्या दोन स्वतंत्र कळा हव्यात. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची आणि लहर बारा सेंटिमीटरची, म्हणून प्रकाश बाहेर येतो आणि लहर आतच राहते. ‘रेडिएशन’ या शब्दाने दचकणाऱ्यांसाठी एक आकडा: रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि या लहरीच्या एका कणात असते एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एक लाखांश ऊर्जा. दहा लाखपट तूट. लहर भाजू शकते, अन्न किरणोत्सारी करू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या मजकुरांना हा हिशेब कुणीतरी दाखवायला हवा.

विजेचा हिशेबही करून टाकू. २०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९५ ला न्यायला सुमारे ५९ किलोज्यूल लागतात. ७०० वॅटच्या ओव्हनला त्यासाठी दीड मिनिटाच्या आत-बाहेर वेळ लागेल. भिंतीतून मात्र तो ११००-१२०० वॅट खेचतो. उरलेली वीज मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मर तापवण्यात जाते आणि पंखा ती मागच्या जाळीतून फेकून देतो. म्हणजे कपभर पाण्याला साधारण ०.०३ युनिट. घोटभर चहासाठी हे किफायती आहे, चार माणसांच्या डाळीसाठी प्रेशर कुकरला तोड नाही.

आणि एक ताजं प्रकरण. मॅग्नेट्रॉनची पेटी अमेरिकेला नेणारा बोवेन युद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेला आणि त्याच्या पुढाकाराने पार्क्स इथे ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्यावर कित्येक वर्षं अधूनमधून चमत्कारिक संदेश नोंदले जात. ते दूरच्या आकाशातल्या स्फोटांसारखे दिसत, पण येत मात्र ऑफिसच्या वेळात. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. वेळ संपायच्या आत कुणी तरी केंद्रातल्या ओव्हनचं दार उघडायचं, आणि बंद पडता पडता मॅग्नेट्रॉन १४०० मेगाहर्ट्झजवळ क्षणभर किंचाळायचा. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही महादुर्बीण आहे, आणि १४०० मेगाहर्ट्झचा पट्टा तीही ऐकते. तिकडे सहल नेलीत आणि मोबाईल बंद ठेवायला सांगितलं, तर कुरकुर न करता ठेवा.